तेयोनं पसंत केलेलं अडॅप्टर

"म्हातारीच्या कानात आता काय बी जात न्हाई, कोंपाय. तिला म्हनावं घरात बस, तुरीच्या शेंगा सोल. हवेवर बसून कशाला राज्य करतीस?" तेयो म्हणाला, आणि बोलता बोलताच त्यानं कॉम्प्युटरचं बटण दाबलं. रात्री वीज जाऊन आली होती, त्यामुळे कॉम्प्युटर सकाळपासून मेल्यासारखा पडला होता.

मोन्से कॉफीच्या कपात हसला. मोन्से म्हणजे मोन्सेर्राते. तेयोच्या थोरल्या लेकीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा धर्मपिता म्हणून तो उभा राहिला, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांना कोंपायच म्हणत आलेले. आल्या आल्या आपली टोपी रेडिओवर ठेवायची आणि फोमच्या गठ्ठ्यावर बूड टेकायचं, ही त्याची रोजची रीत.

"हळू बोल. ऐकंल," मोन्से म्हणाला.

"ऐकंल कशानं? आपली पाळी झाली, हजेरी दिली, सुटलो. आन काल? मी माजं नाव सांगितलं, तर म्हनती कशी, 'पुन्ना सांगा, कोलेगा.' रेडिओवरच्या समद्या सोबत्यांना ही कोलेगाच म्हनती. पुन्ना सांगितलं. 'पुन्ना सांगा, कोलेगा.' आरं, रेडिओवर समद्यांच्या हजेरीची फेरी घ्यायला बसायचं तर कान लागत्यात का न्हाई? हिची जीभ तेवढी शाबूत हाय."

"तुजा राग त्यो न्हवं. तू अडॅप्टरं पसंत केलीस, तवा रेडिओ क्लबाच्या बैठकीत ती म्हनली, आधी रेडिओच्या एका पेटीत घालून बगू, मग बाकीच्यात. त्ये तुला झोंबलंय."

"झोंबंल न्हाई तर काय! सगळ्यांम्होरं! मी छातीवर हात ठिवून सांगतुय की मी हमी देतो, आन ही म्हनती बगू."

"मग चालत्यात का ती बरी?"

तेयोनं दाराकडं बघितलं. बायको स्वयंपाकघरात होती. त्यानं खुर्ची पुढं ओढली.

"चालत्यात. एक खोड हाय. कुनापाशी बोलू नगंस. कंप्युटर जागा हुतो ना, तवा त्ये येडं अडॅप्टर रेडिओचं बोलायचं बटन आपलं आपुनच दाबून धरतंय. प्रोग्राम उघडंस्तवर सोडतच न्हाई."

"आन तुला कवा कळलं?"

"झाला की आठवडा. पेट्या वाटून झाल्यावर कळलं. आता काय करू? परत मागू? मग म्हातारी म्हननार, बगा, मी म्हनलं हुतं. त्यापरीस गप बसल्यालं बरं. एक कागद चिकटवायचा पेटीवर, 'आधी कंप्युटर, मग रेडिओ,' झालं. त्या स्वैपाकिनींना काय कळतंय, कुनाचं चुकलं ते."

हे शेवटचं वाक्य तेयोनं दोनदा ऐकलं. एकदा स्वतःच्या तोंडून, आणि एकदा दारातून. दारात त्याची बायको नेरेइदा उभी होती. हातात तिची वॉकीटॉकी, जी ती रांधता रांधता सोबत म्हणून लावून ठेवायची. ती दोन पावलं आत आली आणि त्या डबीनं डुक्कर कापताना ओरडतं तशी किंकाळी फोडली. कुत्रं उठून पळालं.

"बंद कर!" नेरेइदा ओरडली. "तेयो, बंद कर त्ये! आख्खा डोंगर ऐकतुय!"

तेयोनं मोन्सेची टोपी उचलली. टोपीखाली रेडिओचा तांबडा दिवा पेटलेला होता. बोलायचं बटण दाबलेलं असलं की पेटतो तो दिवा. टेबलावरचा मायक्रोफोन त्याच्या तोंडापासून वीतभर लांब.

त्यानं अडॅप्टर हिसडून ओढलं. वायर टेबलाच्या कडेवर आपटली. किंकाळी थांबली. मग रेडिओतून दोन्या ओब्दुलियाचा, म्हणजे त्याच म्हाताऱ्या बाईंचा, आवाज आला, रोजच्यासारखा कोरडा, ना चढ ना उतार:

"वाट मोकळी झाली. आभारी आहे. फेरी पुढं चालू. पोन्से, बोला."

पोन्से गावातल्या स्टेशनवाल्याची पाळी होती. त्याचं बटण दाबल्याचा आवाज आला, पण शब्द आला नाही, तो मागं कुणाबरोबर तरी हसत असावा. मग त्यानं नुसती हजेरी दिली.

मोन्से उठला, टोपी घेतली, कप अर्धा तसाच ठेवला. "येतो, कोंपाय," म्हणाला. दारात नेरेइदाच्या बाजूनं जाताना त्यानं टोपी घातलीसुद्धा नाही, हातातच धरून गेला. मयताच्या घरातून जातात तसा.

*

एलेउतेरियो इरिसारी, म्हणजे आमचा तेयो, धंद्यानं सीटा शिवणारा. घराच्या कडेला गाडी लावायचं जे छप्पर असतं, त्याखाली त्याचं दुकान: जाड सुईचं शिलाई मशीन, रेक्झिनचे तागे, फोमचे गठ्ठे, आणि बाहेर ताटकळत बसलेल्या जीपा, सीटा काढलेल्या, दात पाडलेल्या म्हाताऱ्यांसारख्या. डोंगरातल्या आमच्या अदहुंतास गावात जिथं कुणी बूड टेकतं तिथं तेयोचा टाका असतो. न्हाव्याची खुर्ची, शाळेची बस, चर्चमधले गुडघे टेकायचे पाट. कॉफीच्या मळ्यात जन्मला, तरणेपणी उत्तरेला न्यूआर्कला गेला, तिथं मोटारींच्या सीटा शिवल्या, थंडीला कंटाळून परत आला. येताना एक जुना रेडिओ घेऊन आला, ऐकायचाही आणि बोलायचाही.

सीटा शिवणाऱ्याला गावात मान नसतो असं नाही, पण त्याला कुणी काही विचारायला येत नाही. सीट टाकतात, न्यायला येतात. तेयोला विचारायला यायला लागले ते या अडॅप्टरांपायी.

जुन्या कॉम्प्युटरला पाठीमागं नऊ सुयांचं एक तोंड असायचं. रेडिओची वायर त्यात खोचली की काम भागलं. चक्रीवादळात फोन मेले तरी कॉम्प्युटरवर टाइप केलेला निरोप रेडिओतून हवेवर जायचा. नव्या कॉम्प्युटरांनी ते तोंडच बुजवलं. आता मधे एक बोटभर लांबीचं अडॅप्टर लागतं. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला त्या नऊ सुया. दिसायला सगळी एका आईची लेकरं. पोटातली चिप मात्र कुणाची खरी, कुणाची खोटी. खोटीवर खऱ्याचंच नाव छापलेलं. आज चालते, उद्या कॉम्प्युटर स्वतःला नवा करून घेतो, खोटी ओळखतो आणि तिला दारात उभी करत नाही. नेमकं वादळ यायच्या दिवशी.

तेयो अडॅप्टर पसंत करायचा ते बघण्यासारखं असायचं. आधी तळहातावर तोलायचा. मग फोम कापायच्या सुरीनं त्याचं कवच उभं चिरायचा आणि भिंगाखाली चिप धरायचा. खऱ्या चिपेवरची अक्षरं बारीक, करडी, कोरलेली. खोटीवरची रंगवलेली, स्पिरिटचा बोळा फिरवला की अंगठ्यावर उतरणारी. मग ते रेडिओजवळ न्यायचा. हलकं अडॅप्टर माशीसारखं गुणगुणतं, आणि लांबचा बारीक आवाज त्या गुणगुणीत बुडून जातो. मग कॉम्प्युटरच्या एकेका खाचेत खोचून बघायचा. चांगलं असेल ते कुठंही खोचा, आपला नंबर धरून राहतं, फालतू असेल ते दर खाचेला नवं नाव सांगतं. एवढं सगळं झालं की मान डोलवायचा, आणि डोंगरापलीकडून आलेला माणूस गप उभा राहून त्या मानेकडं बघत असायचा. तेयोला त्या बघण्याची चटक लागली होती. नेरेइदाला ते दिसत होतं. ती म्हणायची, "मान डोलवायच्या आधी एकदा जास्ती बग," पण घरच्या माणसाचं कोण ऐकतं?

मारिया वादळानं खांब, तारा, टॉवर सगळं झोपवलं, तेव्हापासून आमच्या रेडिओ क्लबाच्या मनात होतं की दर वाडीला एक पेटी असावी: रेडिओ, बॅटरी, छोटा कॉम्प्युटर, मधे अडॅप्टर. शाळेचं स्वयंपाकघर, दवाखाना, चर्च, अशा ठिकाणी ठेवायची, आणि तिथल्याच एकाला रेडिओवर बोलायच्या परवान्याची परीक्षा द्यायला लावायची. अडॅप्टर कुठलं घ्यायचं ते तेयोवर सोपवलं. त्यानं निवडलं ते खरंच वाईट नव्हतं. चिप खरी, गुणगुण नाही, नंबर पक्का. फक्त त्याच्या दुकानातला कॉम्प्युटर कधी बंदच होत नसे, त्यामुळे कॉम्प्युटर झोपेतून उठताना अडॅप्टर काय करतं हे त्यानं बघितलंच नव्हतं. बघितलं असतं तर दिसलं असतं. दोन्या ओब्दुलियाच्या म्हणण्याप्रमाणं आधी एका पेटीत घालून बघितलं असतं तरी दिसलं असतं.

आणि डोंगरमाथ्यावरचा रिपीटर, म्हणजे सगळ्यांचे आवाज झेलून पुन्हा लांब फेकणारा खोका, त्याच्यात खरं तर एक घड्याळ असतं. कुणी बटण सोडायचं विसरला तर थोड्या वेळानं ते त्याची वाट कापतं. आमच्या क्लबानं ते घड्याळ काढून टाकलेलं. कारण आमची माणसं एकमेकांची कंबर, गुडघे, कोंबड्या, नातवंडं हे सगळं विचारल्याशिवाय मुद्द्यावर येत नाहीत. घड्याळ मधेच तोडायचं आणि म्हातारे चिडायचे. घड्याळ काढावं हा ठराव तेयोनंच मांडला होता. टाळ्या पडल्या होत्या.

*

त्या दिवशी फोन वाजत राहिला. तेयोनं उचलला नाही. दुपारी पाव आणायला गेला, तर बेकरीवाला कागदात पाव गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "हळू बोला, दॉन तेयो, पाव ऐकतुय." रांगेतले हसले. तेयोनंही दात काढून बघितले, पण ते हसण्यासारखं झालं नाही. रांगेत आणखी एक बाई होती, ती हसली नाही, तिनं नुसतं दुसरीकडं बघितलं. पाव काखेत धरून घरी येईपर्यंत त्याला हसणाऱ्यांपेक्षा तीच आठवत राहिली.

संध्याकाळी नेरेइदानं ताट पुढं ठेवलं, भात, घेवडा, तळलेलं केळं. तो घास चिवडत बसला.

"तिला फोन करून माफी मागीन म्हनतो," तेयो म्हणाला.

"कुनाला?"

"ओब्दुलियाला. आनि कुनाला?"

नेरेइदानं पळी पातेल्यात टाकली. "मारियात माजी भन जित्ती हाय का मेली, ह्ये मला कुनी सांगितलं रं? मोटारीची बॅटरी काढून, दिस न्हाई रात न्हाई, रेडिओला चिकटून कोन बसली हुती? तीच कानफुटकी ना? जनमभर टेलिफोनच्या एक्स्चेंजात लोकांची बोलनी कानात घिऊन तिचा कान गेला. तू तिला शेंगा सोलायला लाव."

"म्हनून तर माफी..."

"ती माफी हुईल रं. तिचं कातडं जाड हाय. पन त्या पेट्या? उद्या वारं सुटलं, आन येका पेटीनं बटन दाबून धरलं, तर आख्ख्या डोंगराची वाट बंद. मंग कुनाची भन हुडकायची? आठवडाभर तुला ठावं हुतं आन तू माज्या हातचा भात खात हुतास."

तेयोनं ताट बाजूला सारलं. तो उठून छपराखाली गेला, मशीनचं टेबल पुसत बसला. पुसायला तिथं काही नव्हतं.

*

आमच्या फेरीची एक रीत आहे. दोन्या ओब्दुलिया एकेकाचं नाव घेते. नाव घेतलेला बोलला नाही तर ती पुन्हा हाक मारते, मग आणखी एकदा. तरीही गप्प, तर विचारते, "जवळचं स्टेशन कोण?" आणि जो जवळ राहतो त्यानं, हातातलं टाकून, चालत असो की गाडीनं, जाऊन बघून यायचं की माणूस जिवंत आहे का. मारियानंतर पडलेली रीत. त्यामुळे आमच्याकडं रुसून गप्प बसायची सोय कुणाला राहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेयो रेडिओसमोर बसला तेव्हा त्यानं ठरवलं होतं की बोलायचं नाही. माफीचं वाक्य त्यानं रात्रभर घोळवलं होतं आणि ते दर वेळी वेगळं येत होतं. गावांची नावं पुढं सरकत होती. यावको, पेन्युएलास, उतुआदो. त्याचं नाव आलं.

"दॉन एलेउतेरियो, बोला."

तो बसून राहिला.

"दॉन एलेउतेरियो." मग पुन्हा. मग थोडं थांबून, "जवळचं स्टेशन कोण?"

मोन्सेकडं रेडिओ नव्हता. जवळ म्हणजे वरच्या उतारावर दॉन प्लासिदो. ऐंशीच्या घरातला, दोन्ही गुडघे गेलेले, काठीशिवाय संडासाला जात नाही.

"मी हाय, कोलेगा," प्लासिदोचा आवाज आला, मागं कोंबडा ओरडत होता. "जातो मी. बूट घालाय टाईम लागंल जरा. लेक बी घरी न्हाई आज. पन जातो."

मग त्यानं बटण सोडायला उशीर केला, आणि तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आणि काठी भिंतीवर आपटल्याचा आवाज हवेवर आला. तो उतार तेयोला पाठ होता. शेवाळलेला, कठडा नसलेला.

त्यानं मायक्रोफोन ओढून घेतला. "बसा, दॉन प्लासिदो, बसा! मी हाय. हितंच हाय. जिता हाय."

"मग बोलत का न्हाईस, लेका? माजा निम्मा बूट घालून झाला."

"लाज वाटली," तेयो म्हणाला. ठरवलेल्या वाक्यातलं ते एकही नव्हतं. "कोलेगांनो, पेटीतलं अडॅप्टर खराब हाय. म्हंजी चिप चांगली हाय, पन कंप्युटर उठताना त्ये बटन दाबून धरतंय. ज्यांच्या ज्यांच्या पेट्या हाईत त्यांनी त्ये काडून ठेवा. मी बदलून देनार. आन दोन्या ओब्दुलिया, काल मी तुमच्याबद्दल जे काय..."

"ते मला ऐकू आलं न्हाई, कोलेगा," दोन्या ओब्दुलिया म्हणाली. "माझ्या कानात आता काय बी जात न्हाई. निरोप पोचला. अडॅप्टर काडून ठेवा, सगळ्यांनी लिहून घ्या. फेरी पुढं."

कुणी हसलं नाही. हवेवर दुसऱ्याच्या पाळीत हसायची आमच्यात पद्धत नाही. ती असती तर बरं झालं असतं, असं तेयोला वाटलं. माफ केलं म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. त्याचं वाक्य अर्ध्यात तुटून त्याच्याच मांडीवर पडलं.

आणखी दोन नावं झाली. मग:

"कासिल्दा वेगा, शाळेचं स्वयंपाकघर."

शांतता. पुन्हा हाक. पुन्हा शांतता.

"ह्या पोरीला शुक्रवारपास्नं हाका मारतीय, बोलत न्हाई," दोन्या ओब्दुलिया म्हणाली. "शाळेला विचारलं तर म्हंतात कामावर येती, बरी हाय. पण मला तिचा आवाज पायजे. जवळचं स्टेशन कोण?" आणि उत्तराची वाट न बघता, "तुमीच की, दॉन एलेउतेरियो. जा, बघून या."

*

शाळेच्या स्वयंपाकघरात भाताच्या वाफेनं खिडक्या पांढऱ्या झाल्या होत्या. तीन बाया मोठ्या पातेल्यांशी झटत होत्या. कासिल्दा त्यातली धाकटी, तिशीची, केसांवर जाळी. परवान्याची परीक्षा ती दुसऱ्या खेपेला पास झाली होती, आणि पास झाल्यावर तिनं सगळ्या शाळेला खीर करून घातली होती. तेयोला बघून तिचा चेहरा उतरला.

"मला ठावं हुतं तुमी येनार," ती म्हणाली. एप्रनला हात पुसत त्याला कोठीच्या खोलीत घेऊन गेली. पिठाच्या पोत्यांमागं, सगळ्यात खालच्या फळीवर, जुन्या पडद्यात गुंडाळून पेटी ठेवलेली.

"कुनाला सांगितलं न्हाई मी," कासिल्दा हळूच म्हणाली. "शुक्रवारी चालू केली, तर आपली आपुनच बोलाय लागली. तांबडा दिवा जाईना. मी काय तरी भलतं दाबलं असनार. भ्याले मी. वायरी काडल्या आन झाकून ठिवली. माफ करा, दॉन तेयो. येवढ्या इश्वासानं तुमी दिली, तुमी किती निवडून निवडून घ्येता सामान. मी आईला म्हनलं, परवाना परत दिऊन टाकते. माज्यानं व्हायचं न्हाई ह्ये."

तेयो पोत्याला धरून उभा राहिला. काल हवेवर काय झालं ते हिला माहीत नव्हतं. कसं असणार? पेटी फळीखाली होती. सगळ्या डोंगरात एक ही तेवढी अजून त्याला मानत होती, आणि आता हिलाच सांगायचं होतं. क्षणभर त्याच्या मनात आलंही की नुसतं 'बघू, मी दुरुस्त करतो' म्हणावं, अडॅप्टर काढून खिशात घालावं आणि निघावं. ते इतकं सोपं होतं की त्याचा हात पेटीकडं गेलासुद्धा.

"कासिल्दा, तुजं काय बी चुकलं न्हाई."

"तुमी चांगलं वाटावं म्हनून..."

"न्हाई गं बाई. अडॅप्टरच तसं हाय. सगळीच तशी हाईत. मी निवडली. आन मला ठावं हुतं."

"काय ठावं हुतं?"

"ही अशी खोड हाय ह्ये. आठवडा झाला. तू पेटी उघडायच्या आधीपास्नं. मी गप बसलो."

बाहेर कुणीतरी झाकण आपटलं.

"शुक्रवारपास्नं मला अन्न गोड लागंना," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण हळूही राहिला नव्हता. "आई म्हनती काय झालंय, पोरगं म्हनतंय आई रडती का. आन तुमी घरात बसून ह्ये ठावं असून शिवत हुता सीटा?"

"व्हय."

"का?"

त्याला 'म्हातारी हसली असती' असं म्हणायचं होतं. पण हिच्यापुढं ते कारण फारच हलकं भरत होतं.

"माजं नाव खराब झालं असतं म्हनून," तो शेवटी म्हणाला.

"आन माजं?"

दोघी स्वयंपाकिणी आता कोठीच्या दारात येऊन उभ्या होत्या, एकीच्या हातात झारा. कासिल्दानं पेटी उचलली, पीठ मळायच्या टेबलावर आणून ठेवली, पडदा बाजूला फेकला.

"हितनंच सांगा," ती म्हणाली. "माज्या स्टेशनवरनं. सगळ्यांना वाटतंय मी आळशी, परीक्षा पास झाली आन पेटी टाकून दिली. सांगा."

तेयोनं अडॅप्टर उपटून खिशात घातलं. नुसता रेडिओ बॅटरीला जोडला. फेरी अजून चालू होती, शेवटची नावं. मधे वाट मिळाल्यावर त्यानं बटण दाबलं. हातानं दाबलेलं बटण किती हलकं असतं, आणि किती जड लागतं.

"कासिल्दा वेगाच्या स्टेशनवरनं एलेउतेरियो बोलतुय. कासिल्दा बरी हाय. तिचं काय बी चुकलं न्हाई. तिची पेटी बिघडली ती माज्यामुळं. मला आधीपास्नं ठावं हुतं आन मी दडवलं. तिनं ती चूक आपल्या अंगावर घेतली आन मी... मी घेऊ दिली." झारेवालीच्या झाऱ्यातून रस्सा फरशीवर ठिबकत होता, ते बघत तो पुढं म्हणाला, "सकाळी मी म्हनलं ना, अडॅप्टर खराब हाय. सकाळी निम्मंच सांगितलं हुतं. ह्ये बाकीचं."

त्यानं बटण सोडलं.

"पोचलं," दोन्या ओब्दुलिया म्हणाली. "कासिल्दा, तू बोल बाळ. मला तुझा आवाज ऐकायचाय."

कासिल्दानं मायक्रोफोन घेतला. तिनं आपली हजेरी परीक्षेसाठी शिकवली होती तशी, अक्षर अन् अक्षर सुटं करून दिली.

"नवी अडॅप्टरं आली की," दोन्या ओब्दुलियाचा आवाज आला, "आधी तुज्याकडं येतील. कंप्युटर बंद करून चालू करायचा, रेडिओच्या जागी बारका दिवा जोडायचा. दिवा पेटला तर परत धाडायचं. धा वेळा बघायचं. दॉन एलेउतेरियो शेजारी बसतील."

"बसतो," तेयो म्हणाला. पण मायक्रोफोन कासिल्दाच्या हातात होता आणि बटण तिनं सोडलं होतं, त्यामुळे ते फक्त त्या तिघींनीच ऐकलं. झारेवाली म्हणाली, "दॉन तेयो, जरा सरका, भात उतरवायचाय."

*

त्यानंतरची अडॅप्टरं कासिल्दानं निवडली असंच म्हणायला हवं. तेयो शेजारच्या स्टुलावर बसायचा, ती कॉम्प्युटर बंद करायची, चालू करायची, दोघं दिव्याकडं बघायचे. तो कवच चिरून चिप दाखवायचा, पण मान डोलवायचा नाही. डोलवायची वेळ आली की तिच्याकडं बघायचा. डोंगरापलीकडची माणसं अजूनही विचारायला येतात, कमी येतात, आली की तो सांगतो, "मला एवढं दिसतंय. बाकी तुमी घरी बंद करून, चालू करून बगा." रिपीटरचं घड्याळ क्लबानं परत बसवलं. म्हातारे आता गुडघ्यांवर आले की तुटतात आणि शिव्या देतात, आणि त्या शिव्या कुणाच्या नावानं असतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. दोन्या ओब्दुलिया रोज त्याचं नाव घेते, आणि अजून आठवड्यातून एखाद्या वेळी म्हणते, "पुन्हा सांगा, कोलेगा." तो पुन्हा सांगतो. तिला खरंच ऐकू आलेलं नसतं की ती मुद्दाम म्हणते, हे त्याला आजवर कळलेलं नाही, आणि विचारायचं तोंडही नाही.

त्या दिवशी मात्र तो शाळेतून घरी आला तेव्हा छपराखाली एक माणूस ताटकळत होता. शेजारी दाताच्या डॉक्टरची खुर्ची, पाठ फाटलेली, आतला फोम पिवळा पडून बाहेर लोंबणारा.

"डागदरानं धाडलीय," माणूस म्हणाला. "उद्यापर्यंत पायजे. बसाय जागा न्हाई पेशंटला."

तेयोनं फोम बोटानं दाबून बघितला. भुगा झाला.

"उद्या व्हनार न्हाई," तो म्हणाला. "आतलं बी गेलंय. परवा दुपारी ये."

माणूस कुरकुरत गेला. तेयोनं बाह्या सारल्या, सुरी घेतली आणि जुने टाके उसवायला बसला.